चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

वाचकांचे प्रश्न : ऑफिसचं नेटवर्क

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की ऑफिसमधल्या स्विचचं फर्मवेअर वर्षातून एकदा तरी उघडून बघा किती जुनं आहे ते, आणि त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सदर सगळं त्यालाच देतोय. स्विच म्हणजे रॅकमधला तो २४ नाहीतर ४८ पोर्टचा डबा ज्यात सगळ्या केबल्स जातात, आणि फर्मवेअर म्हणजे त्या डब्याच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीम. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं लिहिलंय, त्यामुळे फक्त गाव देतोय.

प्रश्न : नमस्कार सर, मी एका इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये लॅब आणि नेटवर्क दोन्ही बघतो. आमचा कोअर (सगळ्यांना जोडणारा मुख्य) स्विच सिस्को कंपनीचा आहे, चार वर्षांत एकदाही बंद पडला नाही आणि कोणी अपग्रेडपण केला नाही. मी विषय काढला की प्राचार्य म्हणतात, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा. त्यांना काय सांगू? (कराड)

उत्तर : प्राचार्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये. अर्धवट तयारीने केलेल्या अपग्रेडमुळे बंद पडलेली नेटवर्क्स मी खूप बघितलीत. पण चालतंय म्हणजे एवढंच की पॅकेट इकडून तिकडे जातायत, दार उघडं आहे की बंद हे त्यातून कळत नाही.

२०१८ चं उदाहरण त्यांना सांगा. सिस्कोच्या स्विचमध्ये स्मार्ट इन्स्टॉल नावाची सोय होती, नवीन स्विच लावला की आपोआप कॉन्फिगरेशन घ्यायचा, त्यासाठी ४७८६ नंबरचा पोर्ट (केबलची खाच नव्हे, नेटवर्कवरून आत यायचं दार) उघडा असायचा आणि त्याला पासवर्ड वगैरे काही नाही. २८ मार्च २०१८ ला सिस्कोने त्यातला मोठा दोष जाहीर केला आणि दुरुस्त फर्मवेअर दिलं, आणि पुढच्या दहा दिवसांच्या आतच इराण आणि रशियामधल्या स्विचेसवर हल्ला झाला, कॉन्फिगरेशन पुसून त्या जागी अमेरिकेचा झेंडा आणि आमच्या निवडणुकांशी खेळू नका असा मेसेज टाकला होता. ते सगळे स्विच आदल्या दिवशीपर्यंत मस्त चालतच होते की. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस एक्सई या सिस्कोच्या फर्मवेअरच्या सेटिंगच्या वेब पेजमधला दोष बाहेर आला, दोषांच्या यादीतला त्याचा नंबर सीव्हीई-२०२३-२०१९८, गंभीरपणात दहापैकी दहा गुण मिळालेला, त्यात लॉगिन न करता बाहेरचा माणूस स्वतःसाठी लेव्हल १५ चा युजर बनवू शकत होता. लेव्हल १५ म्हणजे मालकच.

आता कामाचं. या दोन्हींसाठी अपग्रेडची वाट बघायची गरज नाही आणि नेटवर्क बंदपण करावं लागत नाही. "नो व्हीस्टॅक" आणि "नो आयपी एचटीटीपी सर्व्हर", "नो आयपी एचटीटीपी सिक्युअर सर्व्हर" या तीन ओळी आजच टाका, पहिली स्मार्ट इन्स्टॉल बंद करते, बाकीच्या दोन वेब पेज. फक्त एक बघून घ्या, पाहुण्यांच्या वायफायचं लॉगिन पेज त्याच स्विचवरून जात असेल तर शेवटच्या दोन ओळींनी ते बंद पडेल. आणि वेब पेज बंद करण्याआधी युजरची यादी बघा, अनोळखी नाव दिसलं तर ते नुसतं डिलीट करून गप्प बसू नका, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते.

अपग्रेड मात्र परीक्षा संपल्यावर, सुट्टीत करा. आणि चार वर्षं न थांबलेल्या स्विचला रीलोड (म्हणजे रीस्टार्ट) देण्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक ऐकून ठेवा.

एका हॉस्पिटलचं काम होतं, रात्री साडेअकराला मी स्विचला रीलोड दिला, त्याने स्क्रीनवर विचारलं, सिस्टीम कॉन्फिगरेशन हॅज बीन मॉडिफाइड, सेव्ह? मी मनात म्हटलं मी तर आज काहीच बदललेलं नाही, आणि नो टाइप केलं. स्विच नवीन व्हर्जनवर छान उठला, सगळे दिवे हिरवे, पण दुसऱ्या मजल्यावरच्या एक्स-रेच्या मशीनकडून इमेज सर्व्हरला जाईनात. माझ्या आधीच्या कोणीतरी दीड-दोन वर्षांपूर्वी ट्रंकवर (दोन स्विचना जोडणाऱ्या लाइनवर) एक व्हीलॅन (त्याच केबल्सवरचं वेगळं छोटं नेटवर्क) वाढवला होता आणि राइट मेमरी, म्हणजे सेव्ह, केलंच नव्हतं, तो बदल इतके दिवस फक्त रॅममध्ये जिवंत होता आणि तो मी पुसला. पहाटे तीनपर्यंत मी फर्मवेअरमध्ये दोष शोधत बसलो. बाहेर बाकावर एक बाई लहान मुलाला घेऊन फिल्मची वाट बघत बसल्या होत्या, ते चित्र अजून डोळ्यासमोरून जात नाही. तेव्हापासून अपग्रेडच्या आधी रनिंग कॉन्फिग (आत्ता चालू असलेली) आणि स्टार्टअप कॉन्फिग (सेव्ह केलेली) दोन्ही लॅपटॉपवर काढून शेजारी शेजारी ठेवून बघतो, फरक असेल तर तो कोणी आणि का केला हे विचारतो, सेव्ह करतो, आणि मगच फाइलला हात लावतो.

दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं गरम राहिलेलं हार्डवेअर कधी कधी थंड झालं की परत उठत नाही, पॉवर सप्लाय जातो. त्याचा फर्मवेअरशी काही संबंध नसतो पण नाव त्याचंच येतं. कोअर स्विच असेल तर एक स्पेअर, निदान कोणाकडून दोन दिवसांसाठी आणलेला, जवळ असू द्या.

प्रश्न : आमच्या मॉनिटरिंगमध्ये एका स्विचचा अपटाइम (न थांबता चालू असल्याचा काळ) ४० दिवस दाखवतोय. पण ४० दिवसांपूर्वी लाइट गेली नव्हती, कोणी रीस्टार्ट केला नाही, लॉगमध्येपण काही नाही. स्विच आपोआप रीबूट झाला का? फर्मवेअरचा बग असेल का? (नाशिक)

उत्तर : बहुतेक नाही झाला. मॉनिटरिंग सॉफ्टवेअर एसएनएमपी नावाच्या पद्धतीने जो अपटाइम विचारतं तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि ३२ बिटच्या खणात ठेवला जातो. त्या खणात जास्तीत जास्त ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ एवढाच आकडा मावतो, म्हणजे साधारण ४९७ दिवस, आणि त्यानंतर तो गपकन शून्यावर येतो, जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा. तुमचा स्विच ४९७ अधिक ४० म्हणजे निदान ५३७ दिवस चालू असणार. कन्सोलवर (स्विचला कमांड द्यायच्या स्क्रीनवर) शो व्हर्जन मारा, तिथे खरा आकडा वर्ष आणि आठवड्यांत दिसतो.

पण तुमच्या शंकेत तथ्य आहे, मोजणीचा खण भरल्यावर खरोखर यंत्र मेल्याची उदाहरणं आहेत. एचपीई कंपनीच्या काही एसएसडी (डेटा साठवायच्या ड्राइव्ह) ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, डेटासकट बंद पडायच्या, कंपनीने २०१९ मध्ये ते जाहीर करून फर्मवेअर दिलं होतं. म्हणून रिलीज नोट्स (नवीन व्हर्जनबरोबर येणारं माहितीपत्रक) वाचताना अपटाइम हा शब्द शोधत जा.

आणि ५३७ दिवस म्हणजे दीड वर्ष त्या स्विचला कोणी अपग्रेड केलेलं नाही हेही त्यातून कळलंच.

प्रश्न : सर माझ्याकडे सिस्को कॅटॅलिस्ट ९३०० चे तीन स्विच स्टॅकमध्ये (एकमेकांना जोडून एकाच स्विचसारखे) आहेत, पहिल्यांदाच एकट्याने अपग्रेड करायचं आहे. व्हिडिओ बघितले, सगळे एका ओळीची कमांड देतात आणि झालं म्हणतात. खरंच एवढंच असतं का? भीती वाटते. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : भीती वाटते हे चांगलंय, तुम्ही तयारी करून जाल. कमांड खरंच एक ओळीची आहे, पण मी ती तशी देत नाही, का ते पुढे सांगतो.

आधी व्हर्जन ठरवा. आयओएस एक्सईमध्ये दर तिसरं व्हर्जन लांब पल्ल्याचं असतं, १७.३, १७.६, १७.९, १७.१२ अशी रांग, त्यांना जास्त दिवस दुरुस्त्या मिळतात, मधली व्हर्जनं नवीन फीचर हवं असेल त्यांच्यासाठी. सिस्कोच्या डाउनलोड पानावर सोनेरी चांदणी असलेलं व्हर्जन घ्या आणि त्याच्या रिलीज नोट्समध्ये तुमच्या मॉडेलचं नाव आहे का, तुमच्या आत्ताच्या व्हर्जनवरून थेट उडी मारता येते का, हे वाचा. अर्धा तास लागतो वाचायला, तो द्या.

मग शो व्हर्जन मारून शेवटी टेबल येतं त्यात मोडच्या रकान्यात इन्स्टॉल लिहिलंय (फर्मवेअर उघडून ठेवलेलं) की बंडल (एकाच फाइलवरून चालणारं) ते बघा. तिन्ही ओळींत इन्स्टॉल हवं. शो बूटमध्ये पॅकेजेस डॉट कॉन्फ हे नाव दिसायला हवं. शो स्विचमध्ये तिघंही रेडी हवेत. हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जागा. ही फाइल एक जीबीच्या आसपास असते आणि उघडल्यावर तेवढीच जागा परत लागते, त्यामुळे आधी "इन्स्टॉल रिमूव्ह इनॲक्टिव्ह" मारून जुनं न वापरलेलं साफ करायचं. ही कमांड अपग्रेडच्या आधी द्यायची. अपग्रेड झाल्या झाल्या द्यायची नाही, कारण तेव्हा इनॲक्टिव्ह म्हणजे तुमचं कालचं चालणारं व्हर्जन असतं आणि परत जायचा रस्ता तोच असतो. मी निदान दोन आठवडे ते तसंच ठेवतो.

फाइल स्विचवर आली की व्हेरिफाय एमडी५ करा, त्याने फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा मिळतो, आणि वेबसाइटवरच्या आकड्याशी अख्खा जुळवून बघा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून टिक करू नका, दोन्ही नोटपॅडमध्ये एकाखाली एक पेस्ट केलं की दोन सेकंदात डोळ्याला कळतं. ही सगळी कामं दिवसा, नेटवर्क चालू असताना करता येतात, रात्रीसाठी ठेवू नका.

आता ती एक ओळ. व्हिडिओतली कमांड ॲड, ॲक्टिव्हेट आणि कमिट एकाच दमात करते. मी तीन वेगळ्या कमांड देतो. इन्स्टॉल ॲड दुपारी करून टाकतो, त्याने फाइल उघडून तिन्ही स्विचवर जाते आणि कोणालाही काही त्रास होत नाही. रात्री इन्स्टॉल ॲक्टिव्हेट, त्याने स्टॅक रीलोड होतो. ॲक्टिव्हेट केल्यावर एक घड्याळ सुरू होतं, वेगळं काही सांगितलं नाही तर १२० मिनिटांचं असतं, तेवढ्यात तुम्ही कमिट (म्हणजे नवीन व्हर्जन पक्कं) केलं नाही तर स्विच स्वतःहून जुन्या व्हर्जनवर परत जातो. म्हणजे तुम्ही आत शिरूच शकला नाहीत, लॉगिनच होत नाहीये, तरी दोन तासांनी तो परत येईल. एवढी चांगली सोय एका ओळीच्या घाईसाठी सोडून द्यायची म्हणजे काय! पण मग कमिट करायचं विसरायचं नाही, सगळं तपासून झोपायला गेलात आणि कमिट राहिलं तर तो मध्यरात्री परत फिरेल आणि सकाळी तुम्हाला कळणार नाही काय झालं.

स्टॅकचे तिन्ही एकदम रीलोड होतात हे लोकांना आधी सांगा. "एक चालू राहील, दोन जातील" असं होत नाही. दहा-पंधरा मिनिटं धरा, आणि बूटलोडर (स्विच सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा पीओईचा (केबलमधूनच पॉवर देणाऱ्या भागाचा) मायक्रोकोड बदलायचा असेल तर त्याहून जास्त. इथेच लोक घाबरतात. कन्सोलवर बराच वेळ काहीच हलत नाही, माणूस म्हणतो हँग झाला आणि मागून पॉवर केबल ओढतो. ते करू नका. बूटलोडर लिहिता लिहिता पॉवर गेली तर तो स्विच आरएमएकडेच, म्हणजे कंपनीकडे बदलून घ्यायला, जातो. चहा प्या, पण केबल ओढू नका. यूपीएसची बॅटरी त्या दिवशी संध्याकाळी बघून ठेवा, आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

आणि ती निळी कन्सोल केबल, ९६०० च्या स्पीडवर, लॅपटॉपला लावून, पुट्टी या सॉफ्टवेअरचा लॉग चालू करून बसा. घरून व्हीपीएनवरून पहिलं अपग्रेड करायचं नाही. म्हणजे नाहीच.

प्रश्न : मी टीएफटीपीने फाइल कॉपी करतोय पण दरवेळी ३२ एमबीच्या जवळ जाऊन थांबते. तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरून झाली. स्विच खराब आहे का? (रत्नागिरी)

उत्तर : स्विच चांगला आहे. टीएफटीपी हे फाइल पाठवायचं साधन खूप जुनं आणि साधं आहे, ते ५१२ बाइटचे तुकडे पाठवतं आणि प्रत्येक तुकड्याला १६ बिटचा नंबर देतं, म्हणजे ६५,५३५ तुकडे झाले की नंबर संपले. गुणाकार करा, साधारण ३२ एमबी येतात. काही सॉफ्टवेअर नंबर परत शून्यापासून सुरू करतात, काही तिथेच मरतात, तुमची तिन्ही दुसऱ्या प्रकारची निघाली. स्विचवर टीएफटीपीचा ब्लॉक साइज वाढवता येतो, ८१९२ केलात तर साधारण ५१२ एमबीपर्यंतची फाइल जाईल, पण मोठ्या फाइलला मी टीएफटीपी वापरतच नाही. पेन ड्राइव्ह लावा, समोर यूएसबीचं पोर्ट असेल तर त्याच्यासारखं सोपं काही नाही, किंवा एससीपी ही फाइल पाठवायची सुरक्षित पद्धत. लॅपटॉपवर साधा एचटीटीपी सर्व्हर चालू करून स्विचने तिथून फाइल ओढली तरी चालते.

प्रश्न : आम्ही लॅमिंग्टन रोडवरून रीफर्बिश्ड (वापरून दुरुस्त केलेले) सिस्को २९६०एक्स स्विच घेतले, दोन वर्षं उत्तम चालले. आता अपग्रेड केल्यावर त्यातला एक उठतच नाहीये. दुकानदार म्हणतो तुम्ही फाइल चुकीची टाकली. फाइल बरोबर होती, त्याच फाइलने बाकीचे चालतायत. (ठाणे)

उत्तर : तुमची फाइल बरोबर असू शकते आणि स्विच खोटा असू शकतो. अगदी असंच घडलेलं आहे. एका आयटी कंपनीने २०१९ मध्ये अपग्रेड केलं आणि त्यांचे काही २९६०एक्स बंद पडले, म्हणून तपास केला तर ते नकली निघाले. एफ-सिक्युअर या सायबर सुरक्षा कंपनीच्या हार्डवेअरवाल्यांनी त्यातले दोन उघडून जुलै २०२० मध्ये सगळा अहवाल छापला. आतला बोर्ड जवळजवळ हुबेहूब, आणि स्विच सुरू होताना सॉफ्टवेअर अस्सल आहे का हे जे तपासलं जातं ते चुकवण्यासाठी त्यात वेगळी युक्ती बसवलेली होती. जुन्या सॉफ्टवेअरवर ते गप चालायचे, नवीन सॉफ्टवेअर आल्यावर अडकले. त्यांना आत चोरदार सापडलं नाही, पण दार नसलं म्हणून ज्या डब्याची सुरक्षा तपासणी फोडूनच तो विकलाय त्याच्यावर ऑफिस चालवायचं का, हा प्रश्न राहतोच.

तुमचा तसाच आहे असं मी इथून सांगू शकत नाही. सिरीयल नंबर चारही ठिकाणी जुळवून बघा, डब्यावरचा, मागच्या लेबलवरचा, खोक्यावरचा, आणि जो अजून उठतोय त्या स्विचवर शो व्हर्जनमधला. मग तो नंबर कंपनीला कळवून विचारा. दोन स्विचवर एकच नंबर सापडला तर बाकी काही बघायची गरज नाही. आणि बाकीचे चालतायत म्हणून त्यांना आत्ता रीलोड देऊ नका, आधी पर्यायी स्विच उभे करा.

एक अजून, सपोर्टचा काँट्रॅक्ट नाही म्हणून लोक टेलिग्रामवरून नाहीतर कुठल्यातरी ड्राइव्हवरून फर्मवेअर उतरवतात. सुरक्षेच्या दोषाची दुरुस्ती असेल तर सिस्को काँट्रॅक्ट नसलेल्यांनापण देते, त्यांच्या टॅकला, म्हणजे सपोर्ट सेंटरला, कॉल करायचा, सिरीयल नंबर आणि त्या दोषाच्या जाहीर पत्रकाची लिंक द्यायची. फोनवर थांबावं लागतं. थांबा.

प्रश्न : नवीन लॅपटॉप मिळाला आणि त्यावरून जुन्या स्विचला एसएसएच (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन) होत नाही, "नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड" येतं. मित्र म्हणाला स्विच अपग्रेड कर. त्याचाच मित्र म्हणाला अपग्रेड केलास तर अजिबातच लॉगिन होणार नाही. कोणाचं ऐकू? (शारजा)

उत्तर : दोघांचंही, फक्त क्रम सांभाळून. ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरने सप्टेंबर २०२१ मध्ये ८.८ व्हर्जनपासून स्विचची ओळख पटवणारी जुनी एसएचए-१ ची सही घेणं बंद केलं, तुमचा नवीन लॅपटॉप म्हणूनच नाही म्हणतोय. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जुनी पद्धत चालू करून आत जाता येतं, पण ते फक्त त्या एका स्विचच्या आयपीपुरतं आणि काम होईपर्यंत, कायमचं सगळ्यांसाठी उघडून ठेवू नका.

दुसऱ्या मित्राचंही खरं आहे. आयओएस एक्सई १७.११ पासून कमजोर गोष्टी स्विचच नाकारतो, त्यात २०४८ बिटपेक्षा छोटी आरएसए की (स्विचची ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) पण आली. जुन्या स्विचवर १०२४ चीच की असते, कोणीतरी सेटअपच्या दिवशी एंटर मारून बनवलेली. तसंच १७.१२ वर गेलात तर स्विच उठेल, ट्रॅफिक चालेल आणि एसएसएच मात्र लागणार नाही. म्हणून जुन्या व्हर्जनवर असतानाच आत शिरा, २०४८ ची नवीन की बनवा, दुसऱ्या विंडोमधून लॉगिन होतंय का बघा, सेव्ह करा, मग अपग्रेड. आधीची विंडो तोपर्यंत बंद करायची नाही.

प्रश्न : आमच्या हॉटेलमध्ये अरुबा कंपनीचे २५३० आणि २९३०एफ स्विच आहेत. त्यात फर्मवेअरसाठी प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन जागा दिसतात, कुठे टाकायचं? (मडगाव)

उत्तर : जिथून आत्ता चालू आहे तिथे टाकायचं नाही, एवढंच. शो फ्लॅश केलं की कळतं कुठून बूट झालाय. प्रायमरीवरून चालू असेल तर नवीन फाइल सेकंडरीत टाका, "बूट सिस्टीम फ्लॅश सेकंडरी" म्हणा, बिघडलं तर प्रायमरीवरून परत उठवा. मला या स्विचमधली ही गोष्ट मनापासून आवडते, परतीचा रस्ता डब्यातच ठेवलाय. पण दोन व्हर्जनमध्ये खूप अंतर असेल तर जुनं फर्मवेअर नवीन कॉन्फिग नीट वाचेलच असं नाही, त्यामुळे अपग्रेडच्या आधीची कॉन्फिग बाहेर कॉपी करून ठेवा. आणि २५३० च्या फाइल दोन घराण्यांच्या येतात, वायए आणि वायबी, शो व्हर्जनमध्ये जी अक्षरं दिसतात तीच घ्या. हॉटेल आहे म्हणजे कॅमेरे आणि वायफायचे एपी (सिग्नल देणारे डबे) या स्विचवरूनच पॉवर घेत असणार, स्विच उठल्यावर ते सगळे पुन्हा शून्यापासून सुरू होतात, रिसेप्शनला तेवढा वेळपण जोडून सांगा आणि एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरवर) एकेका कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग परत चालू झालंय का ते डोळ्यांनी बघा.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत आयटी बघते, अकरा शाखा आहेत. मॅनेजर साहेब डाउनटाइम देतच नाहीत. कधी मार्च एंड, कधी ऑडिट, कधी दिवाळीच्या ठेवी. दिलाच तर म्हणतात दहा मिनिटांत उरका. कसं पटवू? (सांगली)

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवलाय कारण खरं काम इथेच अडतं, कमांडमध्ये नाही.

दहा मिनिटांचा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर मांडा. रीलोड १५ मिनिटं. फोन आणि कॅमेरे परत यायला १०. तपासायला ३०. काही बिघडलं तर शोधायला ३०, आणि नाही सापडलं तर जुन्यावर परत जायला अजून १५ ते २०. म्हणजे दोन तास मागायचे, आणि त्यातच हेही लिहून द्यायचं की अमुक वाजेपर्यंत नीट झालं नाही तर मी शोधत बसणार नाही, परत फिरणार. साहेबांना भीती कशाची असते, सोमवारी सकाळी काउंटर उघडलं आणि खातेदार रांगेत उभे आणि पासबुक प्रिंट होत नाहीये याची. परत फिरायची वेळ आधीच ठरलेली दिसली की ती भीती निम्मी होते. मी तर त्या चिठ्ठीत कोण फोन उचलेल तेपण लिहितो.

तारीख तुम्हीच सुचवा, त्यांना विचारू नका कधी करू. महिन्याची शेवटची आणि पहिली तारीख सोडून शनिवारची संध्याकाळ. सणाच्या आदल्या दिवशी करू नका, गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस रिकामं असतं हे खरं, पण सपोर्टवाला इंजिनिअरपण गावाला गेलेला असतो आणि स्पेअर द्यायला दुकान उघडं नसतं. रविवार हातात राहील असा शनिवार सगळ्यात चांगला.

अकराच्या अकरा शाखा एका दिवशी घेऊ नका. सगळ्यात छोट्या शाखेपासून सुरू करा, तिथे आठवडाभर चालू द्या, मग दोन, मग बाकीच्या, हेड ऑफिसचा कोअर सगळ्यात शेवटी. पहिली शाखा नीट झाली की पुढच्या वेळी साहेब स्वतःच वेळ देतील असा माझा अनुभव आहे.

आणि आधीचं चित्र काढून ठेवल्याशिवाय रीलोड देऊ नका. शो इंटरफेस स्टेटस, शो व्हीलॅन ब्रीफ, शो मॅक ॲड्रेस टेबल, शो सीडीपी नेबर्स, शो पॉवर इनलाइन, शो स्पॅनिंग ट्री रूट, सगळं एका फाइलमध्ये सेव्ह. नंतर त्याच कमांड परत आणि शेजारी ठेवून जुळवणी. एका कारखान्याच्या ऑफिसमध्ये माझे आधी ३७ पोर्ट कनेक्टेड होते, नंतर ३६ आले. सगळे म्हणाले कोणाचातरी पीसी बंद असेल, घरी जाऊ या. मी त्या एका पोर्टचं जुनं मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख नंबर) बघून केबल हातात धरून चालत गेलो तर ती गेटवरच्या बायोमेट्रिक मशीनला जात होती. जुनं मशीन, १० एमबीपीएसच्या स्पीडवर चालणारं, नवीन व्हर्जनवर त्याचं आणि स्विचचं स्पीडवर जमेना. पोर्टवर स्पीड हाताने १० केला आणि लिंक आली. तसंच सोडलं असतं तर सकाळी सातच्या पाळीला दोन-अडीचशे माणसं गेटवर अंगठा लावत उभी राहिली असती आणि त्यांची हजेरी लागली नसती, आणि ज्यांचा पगार हजेरीवर आहे त्यांना कोणी सांगणार होतं का की हे स्विचच्या व्हर्जनमुळे झालं.

तुमच्याकडे तसंच काही पासबुक प्रिंटरचं, टोकन मशीनचं, तिजोरीच्या अलार्मचं असेल. त्यांची यादी शाखेत बसून, शिपायाला बरोबर घेऊन करा, कोणती वायर कुठे जाते हे त्यालाच माहीत असतं. पहिल्या शाखेची तारीख ठरली की मला कळवा, तुम्ही काढलेली आधीची फाइल पाठवलीत तर मी बघून देतो, फक्त त्यातले पासवर्डच्या ओळी आणि आयपी आधी काढून टाका.